चार ऋतू, एक घर: कोरियन ऋतुकविता आणि ‘टँजरीन्स’ मालिका एकत्र कशी अनुभवावी

मार्च 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर ‘व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरीन्स’ ही कोरियन मालिका आली. एकूण 16 भाग, पण ते एकदम आले नाहीत. 7 मार्चपासून दर शुक्रवारी चार-चार भाग असे ते चार आठवड्यांत आले, आणि प्रत्येक खंडाला एका ऋतूचं नाव दिलं होतं: वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा. कथा जेजू बेटावरच्या एका घराची. नायिका ओ ए-सुन 1951 साली जन्मलेली, समुद्राच्या तळाशी बुड्या मारून पोट भरणाऱ्या बाईची मुलगी, आणि तिला कवी व्हायचंय.

कवी होऊ पाहणारी बाई आणि ऋतूंमध्ये विभागलेली गोष्ट, हा योगायोग नाही. कोरियात चार ऋतूंच्या कविता एका माळेत ओवण्याची रीत सुमारे सहाशे वर्षांची आहे. त्या परंपरेत दुःख सहसा थेट बोललं जात नाही, ते ऋतूच्या हाती सोपवलं जातं. थोड्या कविता वाचून मालिकेकडे गेलात, तर पडद्यावरचा वारा, पाऊस, पिवळी शेतं ही नुसती देखणी दृश्यं राहत नाहीत. कोरियन भाषेचा गंध नसलेल्या, कोरियन कविता कधीच न वाचलेल्या मराठी वाचकासाठी हा रस्ता पायरीपायरीने सांगते आहे. घाई करू नका. एका ऋतूला एक आठवडा दिलात तर उत्तम.

पहिली पायरी: तिथलं वर्ष समजून घ्या

आपण सहा ऋतू मानतो, कोरियात चार. पण खरा फरक संख्येत नाही, पावसात आहे. मराठी कवितेत पाऊस म्हणजे आगमन. वैशाखात होरपळलेली जमीन भिजते आणि बालकवींपासून आजपर्यंत सगळ्यांची लेखणी श्रावणात हिरवी होते. कोरियात ही सुटकेची जागा वसंताकडे आहे, कारण तिथं छळणारी असते थंडी. जूनच्या अखेरीस सुरू होणारा पावसाळा ते लोक सोसतात, आणि त्याच्या मागून ऑगस्ट-सप्टेंबरात वादळं येतात. त्यामुळे पडद्यावर ढग दाटून आले की आपल्या मनात जे सुखाचं काही हलतं, ते बाजूला ठेवा. जेजूच्या माणसाला त्या क्षणी होडी, छप्पर आणि घराबाहेर असलेली मुलं आठवतात.

जेजू हे ज्वालामुखीतून झालेलं बेट. मधोमध 1,947 मीटर उंचीचा हाल्लासान डोंगर, सगळीकडे काळ्या दगडाचे सांधे न भरलेले बांध, आणि बारा महिने वारा. आपल्या सह्याद्रीसारखाच तिथला दगडही बेसॉल्ट, त्यामुळे ते बांध पाहून कोकणातले गडगे आठवले तर नवल नाही. वसंतात मोहरीच्या कुळातली पिवळी फुलं शेतंच्या शेतं भरून टाकतात. शरदात डोंगरउतारावर रुपेरी तुऱ्यांचं गवत डोलतं. मालिकेच्या इंग्रजी नावातलं फळ आपल्या नागपुरी संत्र्याच्या गोतातलंच, सैल सालीचं, आणि त्याची तोडणी होते ऐन थंडीत. म्हणजे जेजूमध्ये सगळ्यात गोड गोष्ट सगळ्यात कठीण ऋतूत हाती येते. एवढं ध्यानात असलं तर शेवटचा खंड वेगळा दिसेल.

दुसरी पायरी: सिजो ही रचना कानात बसवा

हायकू मराठीला परका नाही, शिरीष पैंनी तो आपल्याकडे रुजवला. सिजो हा कोरियन काव्यप्रकार मात्र आपल्याला फारसा माहीत नाही. तोही तीन ओळींचा, पण ओळी लांब: प्रत्येकीत साधारण 14 ते 16 अक्षरं, सगळी मिळून 45च्या आसपास. प्रत्येक ओळ चार लहान तुकड्यांत पडते आणि मध्यावर एक श्वास असतो. पहिली ओळ चित्र मांडते, दुसरी ते पुढे नेते, आणि तिसरीच्या सुरुवातीलाच वळण येतं. या तिसऱ्या ओळीचा पहिला तुकडा तीन अक्षरांचा आणि दुसरा लांब, पाचेक अक्षरांचा. आधी पाऊल आखडतं आणि मग लांब पडतं, तिथंच अर्थ उलटतो.

सिजो मुळात गायचा प्रकार होता. म्हणून भाषांतर वाचतानाही मोठ्यानं वाचा. आपल्या ओवीशी याचं नातं मला जवळचं वाटतं: मोजकी ओळ, रोजच्या कामाचं चित्र, आणि शेवटी काळजाला हात घालणारा शब्द. इंग्रजी चालत असेल तर रिचर्ड रट यांचा ‘द बांबू ग्रोव्ह’ हा सिजोसंग्रह सुरुवातीला पुरेसा आहे.

तिसरी पायरी: वसंत, आणि दोन वेगळे समुद्र

मालिका सुरू करण्याआधी दोन कवींना भेटा.

पहिला मेंग सा-सॉंग (1360–1438). मोठा मंत्री, आणि चार ऋतूंवर एकेक अशा चार सिजोंची त्याची माळ या प्रकारातली सगळ्यात जुनी मानली जाते. वसंतात ओढ्याकाठी मासे आणि मद्य, उन्हाळ्यात झोपडीतला गारवा, शरदात छोटी होडी आणि जाळं, हिवाळ्यात बर्फ आणि गवती कोट. प्रत्येक कविता ‘हीही राजाचीच कृपा’ अशा अर्थाच्या शब्दांनी संपते. पटापट वाचून पुढे जा. ही माळ सांगाडा समजण्यापुरती.

दुसऱ्यापाशी थांबा. युन सॉन-दो (1587–1671). 1637 मध्ये कोरियाच्या राजानं मांचू सैन्यापुढे शरणागती पत्करली. ती बातमी ऐकून खचलेला हा दरबारी जेजूला जाऊन जगापासून लपून राहायचं म्हणून जहाजानं निघाला. वाटेत वादळामुळे बोगिल बेटाशी थांबावं लागलं, ते बेट त्याला इतकं आवडलं की तिथंच त्यानं घर केलं. पुढे 1651 मध्ये त्यानं कोळ्याच्या चार ऋतूंचे 40 सिजो लिहिले, प्रत्येक ऋतूला दहा. या दहांची रचना फार सुंदर आहे. पहिल्या कवितेत होडी लोटा अशी हाक, मग नांगर उचला, मग शीड चढवा, असं करत दहावीपर्यंत होडी किनाऱ्याला लागते. दहा कविता म्हणजे समुद्रावरचा एक दिवस. शिवाय प्रत्येक कवितेत वल्ह्यांचा करकर आवाज ध्रुवपदासारखा येतो. निदान वसंताच्या दहा कविता एका बैठकीत वाचा, सुट्या वाचल्या तर दिवस हातात येत नाही.

आता पहिले चार भाग पाहा. युन सॉन-दोचा समुद्र हा खानदानी माणसाचा समुद्र: मासा मिळाला तर मिळाला, नाहीतर चांदणं आहेच. ए-सुनची आई ग्वांग-रे जिथं उतरते तो समुद्र तसा नाही. ती ‘हेन्यो’ आहे. या बाया ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय दहा मीटर खोल जातात, मिनिटभर श्वास रोखून अबालोन नावाचे मोठे शिंपले, शंख, समुद्री वनस्पती काढतात आणि वर येताना शीळ घातल्यासारखा आवाज करत श्वास सोडतात. युनेस्कोनं 2016 मध्ये त्यांच्या संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मालिकेत तो शिळेचा आवाज येईल तेव्हा लक्ष देऊन ऐका. तो आला म्हणजे बाई जिवंत वर आली.

याच भागांत लहानग्या ए-सुनची कविता येते. आई सारखी अबालोनच्या मागे, वादळ असलं तरी अबालोन, मुलीपेक्षाही अबालोन, असा तिचा राग आहे. आणि मग वळण: ते विकून जे शंभर ह्वान (तेव्हाचं कोरियन चलन) मिळतात ते मीच तुला देते, त्या बदल्यात एक दिवस विश्रांती घे. पोरीनं सिजो लिहिलेला नाही, पण शेवटी उलटणारी चाल सिजोचीच आहे. ग्वांग-रे 29व्या वर्षी जाते, हे पहिल्याच भागात कळतं. योम हे-रान यांनी ही आई इतकी ताकदीनं उभी केली आहे की थोडाच वेळ पडद्यावर असूनही उरलेली सगळी मालिका तिच्या सावलीत चालते. 2025च्या बेकसांग या कोरियन पुरस्कारांत त्यांना सहायक अभिनेत्रीचा मान मिळाला, मालिका सर्वोत्कृष्ट ठरली आणि लेखिका लिम सांग-चुन यांना पटकथेचा पुरस्कार मिळाला.

इथं आपल्याकडचं एक वाचन जोडून घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कितीतरी ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात. आईवरच्या ओव्या ऐका. ए-सुनला कागद मिळत नाही, वेळ मिळत नाही, कुणी विचारत नाही, तरी कविता तिच्यातून जात नाही. खानदेशात शेतात राबता राबता गाणी रचणाऱ्या बहिणाबाई (1880–1951) ज्यांच्या घरात वाचल्या जातात, त्यांना ए-सुन समजवून सांगावी लागणार नाही.

चौथी पायरी: उन्हाळा. हे आधी वाचा

सहसा मी कथेतला धक्का फोडत नाही, पण इथं फोडणं योग्य वाटतं. दुसऱ्या खंडात वादळ येतं आणि ए-सुन व तिचा नवरा ग्वान-शिक यांचा धाकटा मुलगा जातो. ज्यांच्या घरातून मूल गेलं आहे, त्यांच्यासमोर हा भाग अचानक येऊ नये. अशा वाचकांनी हा खंड एकट्यानं पाहू नये, रात्री तर नकोच, आणि थांबावंसं वाटलं तर थांबावं. पुढचे भाग पळून जात नाहीत.

हा खंड पाहून झाल्यावर, आधी नाही, चॉंग जी-योंग यांची ‘काचेची खिडकी’ ही 1930ची कविता वाचा. कवीनं स्वतःचं मूल गमावलं होतं. कवितेत मूल, मृत्यू, रडणं यांतलं काहीच नाव घेऊन येत नाही. रात्र आहे, गार काच आहे, काचेवर श्वासाची वाफ धरते आणि कवी ती पुसत राहतो, पुन्हा धरते, पुन्हा पुसतो. शेवटी तो कुणाला तरी ‘तू’ म्हणतो, तू रानपाखरासारखं उडून गेलंस. हातांना काहीतरी करत राहावं लागतं, म्हणून तो काच पुसतो. मालिकेतही आईबापांचं दुःख मोठ्या संवादांत नाही, ते हातांच्या कामात आहे: कोण उठून भात लावतं, कोण शेजारच्या तांदळाच्या मडक्यात गुपचूप भर घालतं, कोण कुणाचे पाय झाकतं. या खंडात संवादांपेक्षा हातांकडे पाहा. दिग्दर्शक किम वॉन-सॉक तिथंच कॅमेरा धरतात.

एक तांत्रिक सूचना. आवाज कोरियनच ठेवा आणि खाली अक्षरं लावा. जेजूची बोली मुख्य भूमीच्या कोरियनहून इतकी वेगळी आहे की अर्थ न कळताही तिचा खडबडीतपणा कानाला जाणवतो. मालिकेचं मूळ नावही त्याच बोलीत आहे, ‘फार कष्ट उपसलेत हो’ अशा अर्थाचं. डब केलेल्या आवाजात हा सगळा वारा बंद होतो.

पाचवी पायरी: शरद आणि पितरांचा चंद्र

शरदात कोरियाचा मोठा सण असतो चुसॉक, चांद्र आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला. नवा तांदूळ, अर्धचंद्रासारखे वाफवलेले सोंगप्यॉन, पूर्वजांपुढे मांडलेलं ताट, आणि त्याआधी कबरींवरचं वाढलेलं गवत कापून केलेली साफसफाई. आपल्या पंचांगाशी ताडून पाहा. 2023 मध्ये चुसॉक 29 सप्टेंबरला होता, म्हणजे थेट भाद्रपद पौर्णिमेला, जिथून आपला पितृपक्ष लागतो. 2025 मध्ये अधिक महिन्यांच्या फरकामुळे तो 6 ऑक्टोबरला, कोजागरीच्या दिवशी पडला. हजारो किलोमीटर दूरची दोन माणसं त्याच चंद्राखाली गेलेल्यांसाठी भात शिजवतात, हे मला या सगळ्या अभ्यासात सगळ्यात जवळचं वाटलेलं.

तिसऱ्या खंडाच्या आधी वाचायची कविता सगळ्यात जुनी आहे, आणि या लेखातली एकच कविता वाचायला वेळ असेल तर ही वाचा. आठव्या शतकात, सिल्ला राज्यात, वॉलम्यॉंग नावाच्या बौद्ध भिक्खूनं मेलेल्या बहिणीसाठी ती रचली. तेराव्या शतकातल्या ‘साम्गुक युसा’ या ग्रंथात ती टिकून राहिली. बहीण ‘मी जाते’ एवढंही न म्हणता गेली. मग तो म्हणतो, शरदाच्या पहिल्या वाऱ्यात पानं इथं तिथं गळतात. एकाच फांदीवर आलो, आणि कोण कुठं गेलं ते ठाऊक नाही. शेवटी, अमिताभ बुद्धाच्या स्वर्गात भेट होईल म्हणून तो साधना करत वाट पाहील. भावंडं म्हणजे एका फांदीची पानं, ही प्रतिमा बाराशे वर्षांनंतरही तशीच हिरवी आहे. ग्रंथात अशीही कथा आहे की श्राद्धविधीत ही कविता म्हटल्यावर वारा उठला आणि अर्पण केलेले कागदी पैसे पश्चिमेकडे, त्या स्वर्गाच्या दिशेनं उडाले.

शरदाच्या खंडात मोठी मुलगी गम-म्यॉंग पुढे येते. आययू या गायिका-अभिनेत्रीनं तरुण ए-सुन आणि मुलगी गम-म्यॉंग अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत, आणि गोष्ट सांगणारा आवाजही गम-म्यॉंगचाच. म्हणजे आपण आईची तरुण छबी मुलीच्या तोंडावर पाहत राहतो. मध्यमवयीन ए-सुन आणि ग्वान-शिक मून सो-री आणि पार्क हे-जून यांनी केले आहेत, तरुण ग्वान-शिक पार्क बो-गमनं. सुरुवातीला माणसं ओळखण्यात गोंधळ होतो, तो दोन भागांत मिटतो. या खंडात आई-मुलीची जी भांडणं आहेत ती मराठी घरात जशीच्या तशी होतात: फोन आदळला जातो, आणि मागोमाग डबे भरून येतात.

सहावी पायरी: हिवाळा

इथं मी काहीही उघड करणार नाही. शेवटचे चार भाग पाहण्याआधी युन दोंग-जू यांची ‘तारे मोजताना’ ही 1941ची कविता वाचा. शरदाची रात्र आहे, कवी एकेका ताऱ्याला एकेक नाव देत जातो: एकाला आठवण, एकाला प्रेम, एकाला एकाकीपण, एकाला कविता, आणि एकाला आई. मग तो आईलाच पत्रासारखं बोलू लागतो, ती दूर उत्तरेत आहे. टेकडीवर तो स्वतःचं नाव लिहितो आणि मातीनं झाकतो. हिवाळा सरून वसंत आला की तिथं गवत उगवेल, कबरीवर उगवतं तसं. हे लिहिलं तेव्हा कवी 23 वर्षांचा होता. फेब्रुवारी 1945 मध्ये जपानच्या फुकुओका तुरुंगात त्याचा मृत्यू झाला.

हिवाळ्याचे भाग सलग पाहायचा मोह होईल. दोन-दोन करून पाहा. या खंडात निरोप आहे, आणि निरोपाला मध्ये एक रात्र लागते.

सातवी पायरी: मराठीत एक सिजो लिहा

वाचून-पाहून झाल्यावर स्वतः एक लिहिलात तर रचना खरी कळते. सुरुवात अशी करा. आधी गेलेल्या माणसाचा विचार करू नका, महिना निवडा. त्या महिन्यात तुमच्या घरात काय चालायचं, ते काम लिहा. पहिल्या ओळीत बाहेरचं, दुसऱ्या ओळीत घरातलं. तिसरीत त्या कामात आता काय अडतं तेवढंच. आई, बाबा, मरण, आठवण, अश्रू हे शब्द पहिल्या खेपेला पूर्ण बंद. नमुन्यादाखल मी लिहिलेला:

वैशाख आला दारी, कैऱ्यांनी झाड वाके;
बरण्या उन्हामध्ये, मोहरी फेसलेली;
मिठाचा अंदाज कोण सांगणार या वर्षी?

अक्षरं मोजा: पहिल्या दोन ओळींत 14-14, तिसरीत 15. तिसरीचा पहिला तुकडा ‘मिठाचा’, तीन अक्षरं, आणि त्यामागून ‘अंदाज कोण’, पाच. जोडाक्षर एकच धरा. एखाद-दुसरं अक्षर कमी-जास्त झालं तर बिघडत नाही, कोरियन कवीही सोडतात. पण तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीचं ते आखडलेलं पाऊल सोडू नका, कारण तिथं जर ओळ सरळ चालत राहिली तर हाती येतो तो तीन ओळींचा निबंध.

विषय सुचत नसेल तर सणांपासून निघा. नागपंचमीला झोका कुणी बांधायचं, दिवाळीचा आकाशकंदील कोण चिकटवायचं, संक्रांतीचा हलवा कुणाच्या हातावर काटेरी व्हायचा, गुढीची काठी माळ्यावरून कोण काढायचं. गोव्यात किंवा कोकणात राहत असाल तर पावसाआधी मासे-मीठ भरून ठेवायचं काम घ्या. परदेशात असाल तर तिथलाच ऋतू घ्या, ओढून आणलेला श्रावण नको: टोरंटोतला बर्फ पाहून ‘हे कुणाला फोनवर दाखवायचं’ असा प्रश्न पडू शकतो, आणि तो पुरेसा आहे.

लिहून झालं की घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. तिसऱ्या ओळीनंतर ऐकणाऱ्यानं कुणाचं नाव घेतलं, तर तुमचा सिजो जमला. नाव न घेता ‘म्हणजे काय?’ असं विचारलं, तर दुसऱ्या ओळीतलं काम पुरेसं स्पष्ट झालेलं नाही. तिथं नुसतं ‘स्वयंपाक’ असेल तर भाजीचं, भांड्याचं नाव घाला. अशा चार ऋतूंच्या चार लिहा, आणि मग युन सॉन-दोच्या उरलेल्या तीस कविता वाचायला घ्या. या वेळी उन्हाळ्यापासून.